मैदानावरचे बोलणे मैदानावरच राहावे काय?



व्याख्यानाचा विषय कळवा, असे चालकांचे पत्र आले तेव्हा आम्ही उलटटपाली “एका ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटूची कारकीर्द” असे लिहून पाठविले. त्यावर चालकांपैकी एक गृहस्थ आमच्याकडे आले आणि मोठ्या अदबीने म्हणाले, “आपला काही हस्तदोष तर झाला नाही ना?” त्यांची शंका रास्त होती. या व्यासपीठावर तत्त्वज्ञान, अर्थकारण, इतिहास, नाट्य अशा भारदस्त विषयांवर बोलणारी मंडळी येतात. जो खेळ आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिला असेल, आणि ज्या खेळाडूचे नावही बहुतेकांच्या कानांवरून गेले नसेल, त्याच्यासाठी आपली एक संध्याकाळ मागणे हे धाडसच आहे.

परंतु खेळाची रसभरित वर्णने करून आपली करमणूक करावी हा आमचा हेतू नाही. ते काम आमच्याच्याने होणारही नाही. या खेळाडूने आपल्या कारकिर्दीच्या ऐन भरात एक प्रश्न विचारला. खेळाच्या भरात एका माणसाने दुसऱ्याला त्याच्या वंशावरून, कातडीच्या रंगावरून हिणविले, तर ते तेथेच सोडून द्यावयाचे काय? मैदानावरचे बोलणे मैदानावरच राहू द्यावे, असे जे म्हणतात, ते खरे काय? हा प्रश्न फुटबॉलपुरता नाही, ऑस्ट्रेलियापुरता तर मुळीच नाही. म्हणून आज आपण मायकेल लाँग या खेळाडूची कहाणी पाहणार आहोत.

प्रथम खेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर खेळाडू कळावयाचा नाही.

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोल चेंडू आणि अकरा-अकरा खेळाडू येतात. ऑस्ट्रेलियात, विशेषतः मेलबर्न शहरात, ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ अगदी निराळा. १८५९ साली मेलबर्नमधील काही क्रिकेटप्रेमी मंडळींनी त्याचे पहिले नियम लिहून काढले. क्रिकेटचीच मैदाने हिवाळ्यात या खेळाला लाभली, त्यामुळे मैदान लंबवर्तुळाकार. चेंडूही लंबगोल. एकेका बाजूला अठरा खेळाडू आणि दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला की सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक गुण. चेंडू हाती घेऊन पळता येते, परंतु पंधरा मीटरच्या आत तो जमिनीवर आपटावा अगर टेकवावा लागतो. सोबत्याला द्यावयाचा तर फेकता येत नाही; एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारून द्यावा लागतो, नाहीतर लाथेने उडवावा लागतो. ऑफसाइडचा नियम नाही. म्हणजे कोणीही कोठेही असू शकतो, आणि अंगावर धावून येणारा माणूस पुढून येईल, मागून येईल की कडेने येईल, हे सांगता येत नाही. खो-खोची चपळाई आणि हुतूतूची पकड ही दोन्ही एकत्र करून ती क्रिकेटच्या मैदानाएवढ्या जागेत पसरावी, म्हणजे या खेळाची अंधुक कल्पना येईल.

अशा खेळात मधल्या फळीचा खेळाडू म्हणजे कोण? गोल करणाऱ्याचे नाव फलकावर लागते. गोल अडविणाऱ्याचीही वाहवा होते. मधला मात्र दोहोंच्या मध्ये धावत असतो. लाँगच्या काळी पंच मैदानाच्या मध्यभागी चेंडू जमिनीवर जोराने आपटून खेळ सुरू करीत, आणि तो उसळलेला चेंडू ज्याच्या हाती येईल त्याची बाजू वरचढ होई. तो चेंडू गर्दीतून काढावयाचा, मोकळ्या जागी न्यावयाचा, पुढच्या सोबत्याच्या छातीवर अचूक पोचवावयाचा; आणि दोन क्षणांनी प्रतिपक्षाने तो हिसकावला तर पुन्हा मागे आपल्या गोलपर्यंत धावावयाचे. एका सामन्यात हा माणूस बारा-तेरा किलोमीटर धावतो, आणि तेही एका चालीने नव्हे, तर उड्या, थांबे, वळणे आणि धडका खात. मधल्या फळीतही कडेने धावणाऱ्याचे स्थान निराळे. गर्दीतून सुटलेला चेंडू त्याच्याकडे येतो आणि त्याच्यापुढे मोकळे मैदान पसरलेले असते. मायकेल लाँग हा मुख्यतः या जागेचा खेळाडू. त्याची चाल हलकी होती. समोरच्याला तो उजवीकडे जाणार असे वाटावे आणि तोवर त्याने डावीकडून निघून जावे.

आता हा खेळाडू आला कोठून? मेलबर्न हे ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यात. लाँगचा जन्म १९६९ साली डार्विनला झाला. हे शहर अगदी उत्तर टोकाला, विषुववृत्ताकडे झुकलेले, मेलबर्नपासून तीन हजार किलोमीटरहून अधिक दूर. डार्विनच्याही उत्तरेला, समुद्रापलीकडे, बाथर्स्ट आणि मेलव्हिल अशी दोन बेटे आहेत. त्यांना टिवी बेटे म्हणतात. तेथील मूळ रहिवाशांना १९४१ च्या सुमारास एका मिशनरी बंधूने हा खेळ शिकविला आणि त्या लोकांनी तो इतका आपलासा केला की आज त्या बेटांवर फुटबॉल हा जवळजवळ लोकजीवनाचाच भाग आहे. बेटांवरून डार्विनला कामास येणाऱ्या तरुणांना खेळावयास मिळावे म्हणून १९५२ मध्ये तेथे सेंट मेरीज नावाचा क्लब निघाला. लाँग याच क्लबात खेळून मोठा झाला. डार्विनला फुटबॉलचा हंगाम पावसाळ्यात असतो. हवा दमट, चेंडू ओला, हातातून निसटणारा. अशा चेंडूशी लहानपणापासून झटलेल्या मुलाच्या हातांना पुढे कोरड्या मैदानावर काय अवघड वाटणार?

येथवर कहाणी आनंदाची आहे. परंतु लाँगचे आईवडील त्या बेटावर कसे पोचले, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभापासून सुमारे १९७० पर्यंत ऑस्ट्रेलियातील सरकारांनी मूळ रहिवाशांची मुले, विशेषतः मिश्र रक्ताची मुले, त्यांच्या आईवडिलांपासून काढून मिशनांत, अनाथालयांत अगर गोऱ्या कुटुंबांत ठेवण्याचे धोरण चालविले. मुलांचे कल्याण, अशी त्याची भाषा होती. या मुलांना पुढे ‘चोरलेल्या पिढ्या’ असे नाव पडले. १९९७ साली एका सरकारी चौकशीचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा कोठे सर्व देशाला या प्रकाराची व्याप्ती कळली. मायकेलचे वडील जॅक आणि आई ॲग्नेस ही दोघेही अशीच लहानपणी घरापासून तोडलेली मुले. मेलव्हिल बेटावरील कॅथलिक मिशनमध्ये ती वाढली. त्यांनी पुढे डार्विनला संसार थाटला, मुले झाली. मायकेल शाळकरी वयाचा असतानाच त्याची आई वारली.

भगिनींनो आणि बंधूंनो, हा तपशील आम्ही आपले मन हेलावावे म्हणून सांगत नाही. पुढे मैदानावर जो एक शब्द उच्चारला गेला, तो कोणाच्या कानांवर पडला हे समजावे म्हणून सांगतो. शब्द बोलणाऱ्याच्या दृष्टीने हलका असतो. ऐकणाऱ्याच्या घरी त्या शब्दामागे तीन पिढ्या उभ्या असतात.

लाँग १९८८ मध्ये ॲडलेडच्या वेस्ट टॉरेन्स क्लबाकडून खेळला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मेलबर्नच्या एसेंडन क्लबाने त्याला निवडले. ही निवडीची रीत आपल्याला नवी वाटेल. नवे खेळाडू कोणत्या क्लबाकडे जावयाचे हे ते स्वतः ठरवीत नाहीत. सर्व क्लब वर्षातून एकदा जमतात आणि पाळीपाळीने एकेक नाव पुकारतात. त्या वर्षी लाँगचे नाव तेविसावे पुकारले गेले. ज्याचे नाव पुकारले जाते त्याने बोचके बांधून त्या शहरी जावयाचे. एकोणीस-वीस वर्षांचा हा तरुण डार्विनच्या उन्हातून मेलबर्नच्या थंडीत आला. तेरा क्रमांकाचा, काळ्या अंगरख्यावर तांबडा तिरपा पट्टा असलेला एसेंडनचा वेष त्याने १९८९ मध्ये प्रथम घातला आणि तो २००१ पर्यंत उतरविला नाही. या तेरा हंगामांत तो १९० सामने खेळला.

हा काळ या खेळाच्या दृष्टीनेही संक्रमणाचा होता. पूर्वी मेलबर्नचे खेळाडू आठवडाभर नोकरी करीत आणि शनिवारी दुपारी खेळत. कोणी पोलीस, कोणी शिक्षक, कोणी सुतार. १९९० मध्ये जुन्या व्हिक्टोरियन लीगचे नाव बदलून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग झाले, इतर राज्यांतील क्लब आले, दूरचित्रवाणीचा पैसा आला, आणि पाहता पाहता खेळ हा पूर्णवेळ पेशा झाला. पेशा म्हटला की शरीर हेच भांडवल. लाँगचे भांडवल त्याच्या गुडघ्यात होते, आणि गुडघ्याच्या दुखापतींनी त्याला ऐन उमेदीची कित्येक महिने बाहेर बसविले. १९० या आकड्यामागे न खेळलेल्या सामन्यांचाही एक आकडा आहे, तो फलकावर दिसत नाही.

त्याच्या खेळाचे शिखर म्हणजे १९९३ चा अंतिम सामना. दर वर्षी सप्टेंबरच्या सुमारास मेलबर्नच्या सुप्रसिद्ध क्रिकेट मैदानावर हा सामना होतो. त्या दिवशी शहरातील सारे व्यवहार जणू थांबतात. त्या वर्षी एसेंडनचा संघ इतका कोवळ्या पोरांचा होता की लोक त्यांना गमतीने ‘बाळ बाँबर’ म्हणत. उपान्त्य सामन्यात ॲडलेडविरुद्ध मध्यंतराला ते बेचाळीस गुणांनी मागे पडले होते. तो सामना त्यांनी अकरा गुणांनी जिंकला. अंतिम सामना कार्लटनशी. मैदानावर सुमारे सत्त्याण्णव हजार माणसे. पहिल्याच पावात लाँगने मधल्या भागात चेंडू पकडला आणि तो धावत सुटला. चेंडू आपटीत, पाठलाग करणाऱ्यांना चकवीत तो गोलच्या टप्प्यात आला आणि त्याने लाथ मारली. चेंडू थेट मधल्या खांबांतून गेला. ज्यांनी तो गोल पाहिला ते आजही त्याची गोष्ट सांगतात. एसेंडनने सामना ४४ गुणांनी जिंकला आणि अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे नॉर्म स्मिथ पदक लाँगला मिळाले. हेच पदक १९८२ मध्ये टिवी बेटांच्या मॉरिस रिओलीने, तेही पराभूत संघातून खेळून, मिळविले होते. आणि पुढे २०१५ मध्ये लाँगच्या बहिणीचा मुलगा सिरिल रिओली याने मिळविले. उत्तरेच्या त्या दूरच्या टोकाने या खेळाला काय दिले, हे यावरून ध्यानात यावे.

आता आम्ही मूळ प्रश्नाकडे येतो.

या खेळात एक अलिखित संकेत होता. मैदानावर प्रतिपक्षाला शिव्या द्याव्यात, त्याची आई, बहीण, बायको, रंग, वंश, वाटेल ते काढावे, त्याचे चित्त विचलित करावे. आणि सामना संपल्यावर हात मिळवून सारे विसरावे. तक्रार करील तो भ्याड. या संकेताला मर्दानी खेळाचे नाव होते. वरवर पाहता हा संकेत दोन्ही बाजूंना सारखाच लागू होता. वस्तुतः तो तसा नव्हता. गोऱ्या खेळाडूला दिलेली शिवी त्याच्या खेळाला लागे, फार तर त्याच्या स्वभावाला लागे. काळ्या खेळाडूला दिलेली शिवी त्याच्या जन्माला लागे. एकाला मैदानाबाहेर गेल्यावर ती विसरता येई. दुसऱ्याला बाहेर, दुकानात, रस्त्यावर, भाड्याचे घर शोधताना तीच पुन्हा भेटे. ज्याला विसरणे सोपे आहे त्यानेच विसरण्याचा नियम घालून दिला होता.

या संकेताला पहिला जाहीर धक्का एप्रिल १९९३ मध्ये बसला. सेंट किल्डा क्लबाचा निकी विनमार हा मूळ रहिवासी खेळाडू कॉलिंगवुडच्या मैदानावर खेळत होता. दिवसभर प्रेक्षकांनी त्याला वंशावरून शिव्या दिल्या. सामना जिंकल्यावर तो प्रेक्षकांकडे वळला, अंगरखा वर उचलला आणि आपल्या उघड्या पोटाच्या काळ्या कातडीकडे बोट दाखविले. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी तो क्षण टिपला, आणि ते छायाचित्र त्या देशाच्या इतिहासाचा भाग झाले. विनमारने दाखविले, परंतु नियम तसेच राहिले.

दोन वर्षांनी, २५ एप्रिल १९९५ रोजी, एसेंडन आणि कॉलिंगवुड यांचा सामना झाला. हा दिवस ऑस्ट्रेलियात अँझॅक दिन म्हणून पाळतात. १९१५ मध्ये याच तारखेला गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर त्यांचे सैनिक उतरले होते. त्यांच्या स्मरणार्थ या दोन संघांनी दर वर्षी खेळावे, ही कल्पना एसेंडनचे प्रशिक्षक केव्हिन शीडी यांनी उचलून धरली होती, आणि तिचा हा पहिला सामना. ९४,८२५ प्रेक्षक. दोन्ही बाजूंचे १११ गुण. सामना बरोबरीत सुटला. याहून रोमहर्षक सामना कोणी मागावा! परंतु त्या सामन्यात प्रतिपक्षाच्या एका खेळाडूने लाँगला वंशवाचक शिवी दिली होती. त्या खेळाडूचे नाव आम्ही घेत नाही; त्याने पुढे क्षमा मागितली, आणि आमचा विषय तो नाही.

लाँगने हात मिळविला नाही आणि विसरलाही नाही. त्याने तक्रार केली. आपण येथे क्षणभर थांबून विचार करावा. विजेतेपद, पदक, नावलौकिक, सारे त्याच्याकडे होते. त्याच वर्षी साऱ्या देशाच्या निवडक संघातही त्याची गणना झाली. गप्प बसण्यात त्याचे काहीच जाणार नव्हते. बोलण्यात मात्र बरेच जाण्याचा संभव होता. लोक म्हणणार, ‘एवढा मोठा खेळाडू आणि एका शब्दाने रडतो!’

लीगच्या अधिकाऱ्यांनी प्रथम जे केले ते कोणतीही संस्था प्रथम करते. दोघांना एकत्र बसविले, समेट घडविला आणि वार्ताहरांना बोलावून प्रकरण मिटल्याचे सांगितले. त्या बैठकीत लाँगचा चेहरा पडलेला होता. मिटले असे सांगणारे निराळे होते, आणि ज्याचे मिटावयाचे तो निराळा होता. शिवी देणाऱ्याला काही शासन नाही, पुन्हा असे घडल्यास काय करावयाचे त्याचा नियम नाही, आणि आपण मात्र हसून फोटो काढून घ्यावा, हे त्याला मान्य नव्हते, आणि त्याने ते उघड बोलून दाखविले. त्याचा रोख एका माणसाला धडा शिकविण्यावर नव्हता. क्षमा ही दोन माणसांमधली गोष्ट आहे, नियम ही सर्वांची. त्याला नियम हवा होता.

जून १९९५ च्या अखेरीस तो नियम झाला. वंश, धर्म, रंग, कूळ अगर राष्ट्रीयत्व यांवरून कोणाही खेळाडूचा अपमान करणे हा अपराध ठरला. प्रथम मध्यस्थीने तोड काढावी, न निघाल्यास प्रकरण लीगच्या न्यायाधिकरणापुढे जावे, अशी कार्यपद्धती ठरली, आणि खेळाडूंना या विषयाचे शिक्षण देण्याची व्यवस्था झाली. एका वाक्यात सांगावयाचे तर, अठरा गड्यांच्या खेळात एकट्या माणसाने नियमांच्या पुस्तकात एक पान वाढविले.

नियमाने काय साधले आणि काय साधले नाही? खेळाडूंच्या तोंडची ती भाषा पुष्कळशी थांबली. पूर्वी तक्रार करणे हे लाजिरवाणे होते, आता शिवी देणे लाजिरवाणे झाले. लाज एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली, हा फरक लहान नव्हे. परंतु नियम खेळाडूंना बांधतो. कठड्यापलीकडच्या हजारोंना कसा बांधणार? सिडनीच्या ॲडम गुड्स याची हकिकत पाहा. हा दोनदा, २००३ आणि २००६ मध्ये, लीगच्या सर्वोच्च पदकाचा मानकरी. २०१३ मध्ये एका प्रेक्षक मुलीने त्याला वंशवाचक शब्दाने हाक मारली. त्याने तिच्याकडे बोट दाखविले, आणि दुसऱ्या दिवशी तिला दोष देऊ नका असेही सांगितले. तरी पुढे कित्येक मैदानांवर चेंडू त्याच्या हाती आला की प्रेक्षक हुर्यो करू लागले. २०१५ च्या अखेरीस तो खेळातून निघून गेला. लीगने त्याची क्षमा मागितली ती २०१९ मध्ये. नियम झाल्यानंतर वीस वर्षांनी हे घडले, हे विसरता येत नाही. पण नियम नसता तर हे घडते आहे असे म्हणावयासही कोणाला जागा मिळाली नसती.

लाँगला आम्ही देव्हाऱ्यात बसवू इच्छीत नाही. २००० मध्ये एसेंडनने संपूर्ण हंगामात केवळ एक सामना गमावला आणि अंतिम सामन्यात मेलबर्न क्लबाला साठ गुणांनी हरविले. लाँगचे हे दुसरे विजेतेपद. त्याच सामन्यात त्याने प्रतिपक्षाच्या एका तरुण खेळाडूला अशी धडक दिली की त्याला झोळीतून बाहेर न्यावे लागले, आणि लाँगवर पुढच्या काही सामन्यांची बंदी आली. खेळ धसमुसळा होता आणि तोही त्याच मातीचा होता. दुसऱ्याने चूक केली म्हणून नियम मागणारा माणूस, स्वतः चुकल्यावर नियमाची शिक्षा भोगतो. यात विसंगती नाही. नियम हवा म्हणणे याचा अर्थच तो आपल्यालाही हवा.

२००१ मध्ये तो निवृत्त झाला. बहुतेक खेळाडूंची चरित्रे येथे संपतात. लाँगचे तसे झाले नाही.

नोव्हेंबर २००४. लाँगच्या नात्यागोत्यात एकामागून एक अंत्यविधी चालले होते. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचे आयुर्मान इतरांहून बरेच कमी आहे, हे आकड्यांत वाचणे निराळे आणि दर पंधरवड्यास स्मशानात उभे राहून कळणे निराळे. एके दिवशी त्याने ठरविले, की राजधानी कॅनबेराला पायी जावयाचे आणि पंतप्रधानांना विचारावयाचे की माझ्या लोकांचे काय. मेलबर्न ते कॅनबेरा हे अंतर सुमारे साडेसहाशे किलोमीटर. बरोबर मिरवणूक नाही, मोर्चा नाही. थोडे आप्त, थोडे मित्र. जसजसा तो पुढे गेला तसतसे वाटेवरचे लोक सोबत चालू लागले. जवळजवळ अर्धी वाट झाल्यावर पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी भेटण्याचे मान्य केले आणि डिसेंबरच्या आरंभी भेट झाली. चार वर्षांपूर्वी, चोरलेल्या पिढ्या असे काही नव्हतेच अशा अर्थाचे प्रतिपादन सरकारपक्षाने केले, तेव्हा लाँगनेच हॉवर्ड यांना उद्देशून वृत्तपत्रात अत्यंत कडक पत्र लिहिले होते. ज्याच्यावर राग आहे त्याच्या दारी पायी चालत जावयाचे, हा मार्ग आपल्या श्रोत्यांना अपरिचित वाटणार नाही.

त्या भेटीने लगेच काही बदलले असे आम्ही म्हणत नाही. संसदेत चोरलेल्या पिढ्यांची जाहीर क्षमा मागण्यात आली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी, केव्हिन रड पंतप्रधान असताना. परंतु ती पदयात्रा ‘लाँग वॉक’ या नावाने चालू राहिली, तिची संस्था झाली, आणि मूळ रहिवाशांच्या सन्मानार्थ दर वर्षी होणाऱ्या एसेंडन आणि रिचमंड यांच्या सामन्यापूर्वी हजारो माणसे मैदानापर्यंत चालत जाऊ लागली.

एक शेवटची हकिकत सांगतो आणि आटोपते घेतो. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात सार्वमत व्हावयाचे होते. मूळ रहिवाशांचे एक सल्लागार मंडळ राज्यघटनेने मान्य करावे की नाही, असा प्रश्न होता. त्रेपन्न वर्षांचा लाँग, तेच दुखरे गुडघे घेऊन, पुन्हा मेलबर्नहून कॅनबेराला निघाला, आणि या खेपेस त्याने संपूर्ण वाट चालून पुरी केली. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी मतदान झाले. सुमारे साठ टक्के मतदारांनी नाही म्हटले. सहापैकी एकाही राज्याने होकार दिला नाही. १९६७ च्या सार्वमतात, मूळ रहिवाशांना जनगणनेत मोजावे यासाठी, याच देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी होय म्हटले होते.

मग लाँग हरला काय? व्याख्यात्याने अशा वेळी टाळ्या घेणारे उत्तर द्यावे अशी रीत आहे. आमच्यापाशी तसे उत्तर नाही. मतपेटीचा निकाल हा निकालच असतो. मात्र मधल्या फळीच्या खेळाडूचा धर्म आम्ही आरंभी सांगितला, तो आपणास आठवत असेल. त्याने गर्दीतून चेंडू काढावा आणि पुढच्याच्या हाती द्यावा. प्रत्येक चेंडू गोलमध्ये जात नाही. पुष्कळसे मध्येच हिसकावले जातात. तेव्हा त्याने मागे धावत जाऊन तो पुन्हा मिळवावयाचा असतो. १९९५ चा चेंडू पोचला, २०२३ चा पोचला नाही. दोन्ही वेळा धावणारा माणूस तोच होता.

राहता राहिला आमचा मूळ प्रश्न. मैदानावरचे बोलणे मैदानावरच राहावे काय? लाँगच्या कारकिर्दीने दिलेले उत्तर असे, की ते तेथे राहतच नाही. ते घरून येते आणि घरी परत जाते. मैदान हे समाजाबाहेरचे बेट नव्हे. जे घरात, शाळेत, कचेरीत बोलले जाते तेच तेथे मोठ्या आवाजात बोलले जाते, इतकेच. ऑस्ट्रेलियाला नावे ठेवून आपण निर्धास्त मनाने घरी जावे अशी आमची इच्छा नाही. आम्ही येथे आपल्या इकडच्या उदाहरणांकडे वळलो नाही. श्रोत्यांना ती आपोआप आठवली असतील, आणि आठवली नसतील तर आमचे व्याख्यान फसले असे समजावे.